बाबांच्या निरोप समारंभाची डिस्क

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? हे सगळं फोनवर सांगितलं असतं, पण मी फोनवर आवाज खाली केला की आईचे कान टवकारतात, म्हणून पत्र.

सोमवारपासून आमचा डीव्हीडी प्लेअर रुसला आहे, आणि तोही माणूस बघून. विकतच्या डिस्क मुकाट चालवतो (तुझ्या भाचीची कार्टूनं तर विशेष आनंदाने), पण घरी केलेल्या पाच यात कधी लावल्याच नव्हत्या, आता त्यातली कुठलीही घातली की घरघरतो, पडद्यावर 'डिस्क वाचता येत नाही' असं दाखवतो आणि ट्रे बाहेर काढून ती माझी मला परत देतो. त्यातलीच एक बाबांच्या निरोप समारंभाची. रविवारी आईला सत्तर पूर्ण होतात आणि तिने एवढंच मागितलंय की त्या दिवशीचं त्यांचं भाषण ऐकायचंय. चेहरा आठवतो, आवाज पुसट होत चाललाय म्हणाली.

मी डिस्क मऊ कापडाने पुसली. तुझ्या भावजयीने ती भांड्यांच्या साबणाने धुऊन ताटांच्या रांगेत निथळत ठेवली (मला ती दोन ताटांमध्ये सापडली). शेवटी प्लेअर बगलेत मारून दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याला सगळे डॉक्टर म्हणतात, कारण तो आधी मशीनला कान लावतो. मशीन ठणठणीत आहे म्हणाला, खोट तुमच्यात आहे. रेकॉर्डिंग झाल्यावर डिस्क बंद करावी लागते, पाकीट चिकटवावं तशी. तोवर ती ज्या मशीनवर केली तेच तिला वाचतं, आणि बंदही शक्यतो तिथेच होते. ऑफिसात फीत न बांधलेली फाइल परत पाठवणारा मी, पाचही डिस्क उघड्या ठेवून बसलो. आणि ते मशीन, तू नव्या घरात गेलीस तेव्हा मोठ्या तोऱ्यात तुलाच देऊन टाकलेलं.

तर बाबांची डिस्क सोबत पाठवतो आहे. त्या मशीनमध्ये घालून 'फायनलाइज', म्हणजे डिस्क बंद करायचं बटण, दाब आणि होईपर्यंत शेजारी बसून राहा. भावोजींना जवळ येऊ देऊ नकोस, ते मशीनला आधी थापट्या मारतात आणि मग पुस्तिका वाचतात.

तुझा काळजीत बुडालेला,
धाकटा

ता. क. शनिवारपर्यंत परत हवी.

ता. क. २. पाठवण्याआधी ती एकटीने शेवटपर्यंत बघ. तुला म्हणून सांगतो, बाबा बोलायला उठले तेव्हा आता तासाभराची निश्चिंती, थोड्या वेळाने टिपू असं वाटून, बॅटरी वाचावी म्हणून मी कॅमेरा बंद केला होता. परत चालू केला की आइस्क्रीमकडे गेलो, आठवत नाही. नंतर ती डिस्क बघायचा धीरच झाला नाही. सोमवारपासून ती पुसतोय आणि लागू नये असंही मनात म्हणतोय. लाज वाटते.

ता. क. ३. भाषण नसेल तर डिस्क राहू दे, तूच ये. रागावलीस की तुझा आवाज हुबेहूब बाबांसारखा निघतो, असं आई नेहमी म्हणते. तिच्यासमोर मला हवं तेवढं बोल. मी मध्ये थांबवणार नाही.