नाव टाकलेला डबा

सोमवार, १० नोव्हेंबर. सकाळी ६.१०
आजपासून नवीन आयुष्य.
शनिवारी डॉ. अंजली मॅडमनी रिपोर्ट दाखवला. एचबीए१सी की काय, तो आकडा ६.९. कशाचा आकडा हे त्या समजावून सांगत होत्या, तेवढ्यात दुकानातून रोहितशेठचा फोन आला. असो. मुद्दा कळला. तीन महिने पथ्य, १० फेब्रुवारीला पुन्हा रक्त. आकडा उतरला तर ठीक, चढला तर गोळी सुरू. मी गोळी घेणार नाही. गोळ्या म्हातारे घेतात. मी शेहेचाळीसचा आहे.
प्रतिभा घरी येऊन रडली. म्हणाली, मामांचा (म्हणजे माझ्या बाबांचा) पायाचा अंगठा कापला तेव्हा दोन वर्षं ड्रेसिंग मी केलं, पुन्हा तेवढी ताकद माझ्यात नाही. बायका फार मनाला लावून घेतात. बाबांनी मखमलाबादच्या मळ्यात जन्मभर पालक-मेथी पिकवली, तरी शुगर झाली. म्हणजे दोष भाजीचा नाही, करणाऱ्याचा. निर्णय : रात्रीचा स्वयंपाक यापुढे मी करणार. चोवीस वर्षं भांडी विकतोय. कशात काय शिजतं हे मला नाही तर कोणाला कळणार?

मंगळवार, ११ नोव्हेंबर
लग्नसराई. भांडी बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गिऱ्हाइकांचा वीट आलाय. टोपाला टिचकी मारतात, कान लावतात, मान हलवतात. अरे, भात करायचाय की भजन? ओझरच्या एक बाई 'अजिबात न वापरलेली' कढई परत घेऊन आल्या. आत मेथीचं पान चिकटलेलं. शी! मी ते बोटाने उचलून दाखवलं. म्हणाल्या, तुमच्याच दुकानातलं असेल.
भांड्यांवर नावं टाकायचं मशीन माझ्याकडे असतं. दुसऱ्या कोणाला हात लावू देत नाही. आज एकशे एक डब्यांवर 'चैताली व ओम यांच्या शुभविवाहानिमित्त सप्रेम भेट'. साठाव्या डब्याला हात बधिर. काउंटरवर पाटी मीच लिहिली आहे : 'एकदा नाव टाकलेले भांडे परत घेतले जाणार नाही.' लोक तरी येतात. जावयाचं नाव बदला म्हणतात. नियम म्हणजे नियम.
लग्नाच्या पार्टीने पेढे दिले. दोन घेतले. शुभकार्याचा पेढा खाण्यात धरायचा नसतो.

रविवार, १६ नोव्हेंबर
लोखंडी कढई आणली, स्टाफच्या भावात. गिऱ्हाइकांना मी रोज सांगतो, आधी तेल लावून दोनदा तापवा, मगच वापरा. मला त्याची गरज वाटली नाही. दुधीची भाजी काळी झाली. नुसती काळी नाही, ग्रहण लागल्यासारखी. मी म्हटलं, लोह आहे. आईने विचारलं, घरात नक्की आजारी कोण आहे.

मंगळवार, २५ नोव्हेंबर
मातीच्या भांड्यात वरण. निरोगी, पारंपरिक. गॅसवर ठेवलं, दहा मिनिटांत तडकलं. वरण सगळं बर्नरमध्ये. हल्लीची माती चांगली नाही.
प्रतिभाने काही न बोलता बर्नर घासला. न बोलता घासते तेव्हा जास्त आवाज येतो.

बुधवार, ३ डिसेंबर
दुकानात पॅकिंगला फकिरा आहे. सायखेड्याचा, साठीचा, अंगात हाडं आणि विड्या एवढंच. डब्यात रोज भाकरी, ठेचा, कांदा. आज सगळ्यांसमोर म्हणाला, भाऊ, तुमचं लय पथ्य चाललंय, पण पेढ्याचा पुडा तुमच्याच मशीनखाली कसा काय? मी सांगितलं, मुंग्या लागू नयेत म्हणून. माणसाला चौकशा फार.
शिवाय पेढा म्हणजे दूध. दूध म्हणजे प्रोटीन. याला कोण समजावणार?

रविवार, १४ डिसेंबर
नाचणीची भाकरी. थापताना चार तुकडे, तव्यावर नऊ. चव : ओल्या पुठ्ठ्याची. मी स्वतः अर्धी खाल्ली, पुढे घशाखाली जाईना. आमची लेक दिशा हल्ली कॉलेजच्या कँटीनमधूनच जेवून येते, अभ्यासाचं कारण सांगते. आई संध्याकाळी शेजारच्या भागुबाईंकडे 'बसायला' जाते आणि ढेकर देत परत येते. विश्वासघात!
पहाटे गोदाघाटावर चालायला सुरुवात केली. येताना मिसळ. मटकी मोड आलेली असते, डॉक्टरच खायला सांगतात. तर्री घेतली नाही. दुसऱ्यांदा घेतली.
वजन दीड किलो वाढलं. स्नायू.

रविवार, ४ जानेवारी
मला आतून हलकं वाटतंय. आकडा उतरलाच असणार. दुपारी मशीन मोकळं होतं. एक जाड स्टीलचा डबा स्वतःसाठी घेतला आणि त्यावर सुबक अक्षरात टाकलं : 'श्री. महेश सावळीराम माळोदे. गोळीविना शुगर नॉर्मल. १० फेब्रुवारी.' आजूबाजूला वेलबुट्टी. इतकं सुंदर काम मी कोणाच्या लग्नाला केलेलं नाही. फकिराने वाचलं आणि विचारलं, फेब्रुवारी लागला का? अडाणी माणूस. उशिरा नाव टाकायला गर्दी होते, हे त्याला कळत नाही.
डबा घरी नेऊन कपाटावर, ब्लँकेटमागे ठेवला. १० तारखेला काढणार. प्रतिभाला बरं वाटेल.

बुधवार, १४ जानेवारी. संक्रांत
हळदीकुंकवाच्या वाणाची गर्दी. नको ते काम. प्रत्येकीला एकावन्न वाट्या हव्यात, प्रत्येक वाटीवर नाव हवं, नाव फुकट हवं आणि ते शेजारणीच्या वाटीवरच्यापेक्षा मोठं हवं. वाटी केवढी, नाव केवढं! एकीने तीन आडनावं दिली. मनमाडच्या एक बाई एअर फ्रायर मागत बसल्या. मी त्यांना अर्धा तास तेलाचे दुष्परिणाम सांगितले. वाटी न घेताच गेल्या.
येणारी प्रत्येकजण तिळगूळ देते. सणाला नाही कसं म्हणणार? चौदापर्यंत मोजले. तीळ उष्ण, थंडीत चांगले.
घरी मुगाचं धिरडं केलं, बिनतेलाचं. तव्याने सोडलं नाही. खरवडून खाल्लं. दुकानातली ती मेथीवाली कढई आठवली.

शनिवार, ७ फेब्रुवारी
उरले तीन दिवस. आता खरा जोर. पेढा बंद, चहात साखर बंद, मिसळ बंद. सकाळी कारल्याचा रस. थू! या रसाला माणसाने हात जोडावेत आणि ओतून द्यावं. पण घेतला. दहावीलाही मी शेवटचे तीन दिवसच अभ्यास केला होता आणि पास झालो होतो.
आणखी एक कल्पना. घरातल्या चौघांचंही रक्त तपासून घेऊ. माझ्या स्वयंपाकाचा निकाल सगळ्यांच्या रक्तात दिसू दे. प्रतिभाने काळारामाला नारळ बोललाय. मी म्हटलं, दोन बोल.

मंगळवार, १० फेब्रुवारी. संध्याकाळी ७.३०
७.९.
बाकी तिघींचं उत्तम. आईचं वजन चार किलो उतरलंय. मॅडमनी तिला विचारलं, काय करता? आईने माझ्याकडे बोट दाखवलं.
लॅबचं चुकलं असेल, असं मी सुचवलं. या वेळी कोणाचा फोन आला नाही, त्यामुळे मॅडमचं सगळं ऐकावं लागलं. हा आकडा त्या दिवसाचा नसतो म्हणे. मागच्या तीनेक महिन्यांचा असतो. संक्रांतीसकट. मला हे आधी सांगायला हवं होतं. सांगितलं होतं, म्हणाल्या.
मग विचारलं, बाहेर काय काय खाता? मी म्हटलं, काही नाही.
प्रतिभा आधी रिक्षात बसली. मग म्हणाली, नोव्हेंबरपासून तुमचे शर्ट धुताना खिशात पेढ्याचा चुरा सापडतोय. आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून वाट बघत होते. ती ओरडली असती तर मी उलट बोललो असतो. ओरडली नाही.
घरी आल्यावर तिने ब्लँकेट काढायला कपाटावर हात घातला आणि डबा खाली आला.

बुधवार, ११ फेब्रुवारी
डबा दुकानात परत न्यायला गेलो. रोहितशेठनी तो फिरवून सगळ्या बाजूंनी वाचला. वेलबुट्टीचं कौतुक केलं. मग काउंटरवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. माझंच अक्षर. नियम म्हणजे नियम, म्हणाले. मी घासून काढायचा प्रयत्न केला. फकिरा म्हणाला, भाऊ, तुमचं काम पक्कं असतंय, निघायचं नाय.
दुपारी पार्टीने पेढे आणले. फकिराने ताट माझ्यासमोरून उचललं आणि पलीकडे नेलं. मला विचारलंही नाही. चीड आली. हात पुढे गेला होता, म्हणून जास्त आली.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. सकाळी ८.१५
काल रात्री प्रतिभाने स्वयंपाक केला. ज्वारीची भाकरी, मेथी, काकडी. तेल माझ्यापेक्षा कमी. चव होती. ती असंच करायची, नोव्हेंबरच्या आधीही. मी कधी विचारलं नव्हतं.
जेवण झाल्यावर तिने मला खुर्चीत बसवलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून माझ्या पायाचं एकेक बोट पाहिलं. बाबांचं पाहायची तसंच, मधे बोट घालून. मी म्हटलं, उद्यापासून मी खरंच. ती म्हणाली, दुसरा पाय.
आज सकाळी ओट्यावर डबा. आत गोळ्यांची पाकिटं. आईने विचारलं, यावर काय लिहिलंय? दिशाने मोठ्याने वाचून दाखवलं. आईने थोडा विचार केला आणि विचारलं, मग याच्या गोळ्या आपल्याकडे कशाला?
प्रतिभा पाण्याचा ग्लास धरून उभी होती. घेतली.