सात नंबरला दम का लागतो

२ फेब्रु. ७८, गुरु.
सात नंबर डंपर आज पुन्हा कालव्याच्या चढावर अडला. काळा धूर इतका की मागचे मजूर तोंडाला फडकी लावून बाजूला पळाले. फोरमनसाहेबांनी (यापुढे फो.सा., शाई वाचते) निकाल देऊन टाकला: ड्रायव्हरनं इंजिन जाळलं. सोमवारी मोठे साहेब येणार, त्यांच्यापुढे दोन कागद ठेवणार. एक इंजिन खोलायचा, दुसरा ज्ञानोबाकाकांना कामावरून काढायचा. काका दिवसभर टायरला टेकून बसले होते. "लेकरावानी सांभाळली गाडी. तेल बी म्या सोता बघतो. अन् म्याच जाळली म्हनायलेत."
माझं मत, इंजिन जळालेलं नाही. त्याला हवा पुरत नाही, हवेचा फिल्टर तुंबला असणार. टर्बोचं इंजिन, म्हणजे हवा आत कोंबणारा पंखा बसवलेलं, त्याला श्वास मोठा लागतो. बोललो तर फो.सा. म्हणाले, "गौतम, तू पाना धर. इचार आमी करतो."
आयटीआयला पहिला आलो होतो, हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. मीही नाही सांगितलं.

३ फेब्रु., शुक्र.
कपाटातलं इंजिनाचं इंग्रजी पुस्तक काढलं. डिक्शनरी मांडीवर. जेवणाच्या सुट्टीत जेमतेम दीड पान. मतलब असा: टर्बोच्या तोंडाशी एक छोटा बोल्ट असतो. तो काढून तिथे नळी जोडायची, नळी यू आकारात वाकवून त्यात पाणी. इंजिन हवा ओढतं तसं पाणी एका बाजूला चढतं, दुसऱ्या बाजूला उतरतं. फरक पंचवीस इंचांच्या वर गेला तर हवेची वाट कुठेतरी आवळली आहे.
पारदर्शक नळी कुठली आणायची? गवंडी लेव्हल बघतात ती. सुदाम गवंड्याला जयभीम घातला, तुकडा मिळाला. दीड-दीड फुटाचा यू केला, लाल शाई टाकली, इंजिन सुरू केलं.
फरक दोन इंच.
फो.सा. चहा पिता पिता म्हणाले, "हवा तर ढीगभर हाय की रं." सगळे हसले. फार लागलं मनाला.
संध्याकाळी विहिरीवर आंघोळ करताना लक्षात आलं. गाढवपणा माझाच. गाडी उभी होती. सावलीत बसलेल्या हमालाला धाप कशाला लागेल? पोतं पाठीवर घेऊन तो जिना चढत असतानाच मोजायला पाहिजे.

४ फेब्रु., शनि.
डंपर मातीनं भरलेला. नळी दाराला बांधली, मी बाहेर पायरीवर. काकांनी चढावर ॲक्सिलरेटर तळाला टेकवला. लाल पाणी सरसर वर चढलं आणि गेलं. सगळं. टर्बोनं पिऊन टाकलं.
काकांचा चेहरा उतरला. "आता पानी पाजलं म्हनून बी माझंच नाव घेतील."
मी मात्र पायरीवर नाचत होतो. नळी तोकडी पडली, म्हणजे ओढ भयंकर आहे. पण आकडा हातात नाही, आणि आकड्यावाचून माझं ऐकतो कोण.

५ फेब्रु., रवि.
सुट्टी. फो.सा. पाथरीला. सुदामकडून लांब नळी. चार फुटी फळीवर ती ठोकली, शेजारी इंचांच्या खुणा केल्या. पुन्हा भरलेली गाडी, पुन्हा तोच चढ.
अडतीस!
दोनदा पाहिलं. अडतीसच. लगेच फिल्टर बदलला, नवा कोरा घातला. सदतीस.
तीन दिवस फिल्टर फिल्टर करून सगळ्यांचं डोकं खाल्लं होतं. काकांकडे बघवेना. तेच म्हणाले, "मंग फिल्टरच्या म्होरं काय हाय, ते बघ की."
नळी फिल्टरच्या लगेच पुढे जोडली. अकरा.
इथे अकरा, टर्बोच्या तोंडाशी सदतीस. मधे एकच वस्तू, हातभर लांबीचा रबरी बेंड, म्हणजे हवेची वाकडी नळी. मूळचा फाटला म्हणून फो.सां.नी दिवाळीत बाजारातून आणून बसवलेला. बाहेरून ठणठणीत. आत हात घालून पाहिला, आतूनही गुळगुळीत.
उद्या हे बोलायचं म्हणजे फो.सां.चं नाव येणार. पण न बोलून काका घरी जाणार. बोलणार.

६ फेब्रु., सोम.
मोठे साहेब आले. फो.सा. कागद पुढे करायच्या आत मी म्हणालो, "साहेब, एकदा गाडीत बसा. आकडा तुम्हीच वाचा."
साहेब बसले. दोन्ही ठिकाणचे आकडे स्वतः वाचले. खाली उतरले आणि म्हणाले, "बेंड कापा."
कापला. रबराचा आतला थर सुटलेला. गाडी उभी असताना भिंतीला चिकटून गप्प बसायचा, जोराची ओढ लागली की मधे येऊन वाट बंद करायचा. चार नंबर डंपरचा बेंड काढून सातला घातला: चौदा. धूर नाही. काकांनी भरलेला डंपर न थांबता वर नेला आणि वर जाऊन हॉर्न वाजवतच राहिले.
साहेबांनी काकांचा कागद माझ्यासमोर फाडला. असा आनंद मला आयटीआयच्या निकालालाही झाला नव्हता.

८ फेब्रु., बुध.
साहेबांचा हुकूम, सगळे डंपर मोजायचे. आज नऊ नंबर. कालचा दिवस अबोला धरलेले फो.सा. आपणहून केबिनमध्ये चढले, फळी हातात धरली आणि म्हणाले, "वाच."
तेहतीस.
नऊ नंबरचं इंजिन डिसेंबरात खोललं होतं. आत सगळं नवं घातलं, बेंड तेवढा तोच राहिला. दिवाळीत दोन एकदम आणले होते. आणि इंजिन जाळलं म्हणून त्या गाडीच्या ड्रायव्हरला, नामदेवला, घरी पाठवलं होतं.
फो.सां.नी फळी सीटवर ठेवली. "नामदेवचं गाव कंचं?"
"राणीसावरगाव."
आकडा कागदावर लिहिला. खाली त्यांनी सही केली, स्वतः होऊन. साहेब नामदेवला परत घेतील का, माहीत नाही. तो येईल का, तेही माहीत नाही. सकाळच्या एस.टी.नं मी आणि ज्ञानोबाकाका निघणार. काका म्हणतात, "फळी बी घे. नुस्ता कागुद दावून त्याला काय पटायलंय."
फळीवर तेहतीसच्या खुणेला लाल दोरा बांधून ठेवला आहे.