न पटलेल्या निकालाची अकरा पानं

पप्पा,

तुमची ती अकरा पानं आज पुन्हा वाचली. माझ्या लग्नाआधी इथे परदेशात रब्बींच्या, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या, मंडळाने हुकूम काढला होता, की आपण बेने इस्राएल पिढ्यान्‌पिढ्या ज्यू असलो तरी कोकणातल्या आजी-पणजीचे कागद नाहीत, तेव्हा नवरीने खबरदारी म्हणून विधीच्या कुंडात बुडी मारावी, बाहेरून धर्मात येणाऱ्या बाईसारखी. दिवसभर बस डेपोत राबून तुम्ही संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर ग्रंथ मांडून बसायचात. जुन्या पंडितांचे दाखले देत तुम्ही लिहिलंत, की हा हुकूम शास्त्राला धरून नाही आणि आपल्या आयांचा अपमान करणारा आहे. मंडळाचं उत्तर दोन ओळींचं आलं. निकाल कायम.

मला वाटलं, आता तुम्ही भांडाल. तुम्ही मलाच म्हणालात, तयारी कर. मी चिडून ताट सरकवलं. तेव्हा तुम्ही शांतपणे सांगितलंत, "ते चुकलेत, हे मी लिहून दिलंय. पण आपण वेगळी चूल मांडली, तर उद्या तुझ्या मुलांना कुठल्या सिनेगॉगचं दार उघडेल?" मग त्या पानांची नक्कल माझ्या हातात ठेवलीत. हरलेलं मतही आपल्यात जपून ठेवतात, पुढच्या मंडळाला त्याचा आधार घेता येतो, म्हणालात. लग्नात मिळालेली सगळ्यात रटाळ भेट, असं मी नंतर कितीदा तरी थट्टेने सांगितलं.

घोळ आपल्याकडूनही झालाच. आईने रीतीप्रमाणे मला आदल्या दिवशी मेंदी लावली. कुंडात उतरताना अंगावर कशाचाही थर चालत नाही, हे घरात तुमच्यासारखा जाणकार असून कुणाच्या लक्षात आलं नाही. तिथली बाई माझे हात घासत बसते, रंग काही जात नाही, शेवटी ती बाहेर जाऊन रब्बींना फोन करते. मी टॉवेल गुंडाळून ओल्या लादीवर उभी. नुसता रंग असेल तर चालेल, असं उत्तर येईपर्यंत मला हुडहुडी भरलेली. घरी आल्यावर तुम्ही एवढंच विचारलंत, झालं का. त्यानंतर वर्षभर मी तुमच्याशी धड बोलले नाही.

आता आपल्या छोट्या सिनेगॉगच्या कमिटीची मी अध्यक्ष आहे. मीटिंगांनी जीव विटलाय. गेल्या महिन्यात रीडिंग शहरातून एक मुलगी आली, सॉफ्टवेअरमधली, लग्न ठरलेलं. तिच्याकडेही पणजीचे कागद नाहीत. मंडळावर माणसं नवी, हुकूम तोच. फक्त या वेळी, जुनं दप्तर त्यांच्याकडे उरलं नसल्याने, त्यांनी कमिटीला विचारलं होतं, की पूर्वी तुमच्यातल्या कुणा जाणकाराने याविरुद्ध लेखी मत दिलं असेल तर पाठवा, आम्ही फेरविचार करू. म्हणजे बघा, इतक्या वर्षांनी त्यांना तुमची गरज पडली.

मुलीने मला सरळच विचारलं, "आँटी, तेव्हा कुणीच ऑब्जेक्ट केलं नव्हतं का? आय मीन, समबडी मस्ट हॅव."

"माझ्या माहितीत तरी नाही," मी म्हटलं.

मंडळालाही तेच कळवलं. तिला मात्र समजावलं, मेंदी कुंडानंतर लाव. तिने माझे आभार मानले, पप्पा. गेल्या आठवड्यात लग्न झालं. आपल्या मलिद्याच्या विधीचे पोहे-खोबरं मीच सगळ्यांना वाढलं.

तुम्ही आता नाही, हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, म्हणून खरं लिहिते. कमिटीला सांगायला माझ्याकडे कारणं आहेत. दमले होते, नवा वाद नको होता, पानं सापडत नव्हती. पानं कपाटातच होती. तुमचं वाचून त्यांनी त्या मुलीला बुडीतून सोडलं असतं, तर मी तेव्हा उगाचच कुडकुडत उभी राहिले असं ठरलं असतं, आणि ते मला सोसलं नसतं. त्या मंडळाने तुमचं मत नाकारलं, पण निदान वाचलं होतं. मी ते वाचूच दिलं नाही.