अकरा बाटल्या

४ ऑगस्ट
नोकरीचा पहिला दिवस! ताईकडेच उतरलेय. तिला आठवा सरत आलाय, भावजी बोटीवर. तिलाही हाताशी माणूस मिळालं आणि मलाही जागा. दोघी एकाच ताटात जेवलो, लहानपणीसारख्या.
प्रयोगशाळा लख्ख आहे. उबदार कपाटात सपाट बाटल्या, त्यांत गुलाबी द्रव आणि तळाला चिकटून वाढणाऱ्या पेशी. एक दिवसाआड द्रव बदलायचा, एवढंच माझं काम. मॅडमनी सगळ्यांत जुनी बाटली दाखवली. चाळीस वर्षांपूर्वी वारलेल्या एका बाईच्या कर्करोगाच्या गाठीतल्या पेशी. बाई गेली, पेशी अजून वाढताहेत. ताई म्हणाली, चिवट दिसतेय बाई.

१२ ऑगस्ट
एका बाटलीतल्या यकृताच्या पेशींचा आकार बदलला म्हणून सगळ्या बाटल्यांचे नमुने ओळख पटवायला पाठवले होते. आज निकाल आला. अकराही बाटल्यांत ती बाईच. मॅडम म्हणाल्या, तिच्या पेशी हावऱ्या. एक थेंब उडाला तरी दुसऱ्यांच्या बाटलीत शिरून त्यांना संपवतात. हलगर्जीपणाबद्दल मी भरपूर बोलणी खाल्ली. सगळं नष्ट करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

२० ऑगस्ट
नव्या बाटल्यांतही तीच. हातमोजे, द्रव, गाळण्या, सगळं बदललं होतं. मॅडमनी टेबलाचा, हवेचा आणि शेवटी माझ्या गालाच्या आतला नमुना घेतला. नुसता तुलनेसाठी, म्हणाल्या.

२४ ऑगस्ट
टेबल स्वच्छ. हवा स्वच्छ. माझ्या गालातल्या पेशी माझ्या नाहीत.
दुसरीकडून तपासून घेतलं. तेच.
आरशात पाहिलं. मीच दिसते.

२६ ऑगस्ट
मॅडमनी स्वतःचाही नमुना तपासला. मग खोलीचं दार आतून लावून घेतलं. आतूनच म्हणाल्या, “घरी कुणाला उष्टं देऊ नकोस.”
तीन आठवडे मी ताईच्या ताटात—

२७ ऑगस्ट
ताईच्या तोंडातला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. तो आकार आता झोपेतही ओळखेन. निम्म्या पेशी ताईच्या. निम्म्या—
तिला सांगितलं नाही. कसं सांगू?

२९ ऑगस्ट
कळा लवकर आल्या. मुलगा झाला. मी दारातूनच पाहिला.

३० ऑगस्ट
ताई झोपली असताना हातमोजे घालून बाळाच्या गालात काडी फिरवली. प्रयोगशाळेत नेऊन पाहिलं. सगळ्या त्याच्या. एकूण एक त्याच्या. मी रडले.
धावत जाऊन ताईला म्हटलं, त्याचा पापा घेऊ नकोस, काही झालं तरी. ती हसली. “अगं, सकाळपासून घेतेच आहे की.”
दुसरी काडी घेतली. आत्ता सूक्ष्मदर्शकाखाली काच ठेवतेय. कडेला एक—