सुभेदाराच्या गच्चीवरची काचेची तार

८ ऑक्टोबर १९९९

आज परत भांडण! नानासो सुभेदार — समोरच्या बंगल्यातला, फौजेतून रिटायर झालेला — भर रस्त्यात ओरडला, "माझ्या गच्चीवरनं तार वढताना मला इचारलं व्हय?"

नाही विचारलं. विचारून हा हो म्हणाला असता? बँकेत गेला तेवढ्यात ओढून घेतली. माझी केबल टीव्हीची वायर बंगल्याच्या आधीच्या मालकाच्या वेळेपासून तिथूनच गेलीय, तिच्या शेजारनं ही नवी. काचेची आहे हे त्याला सांगितलंही नाही. कशाला सांगू?

ज्याच्या गच्चीवरून वायर जाते त्याला केबल फुकट, हा आमच्या धंद्यातला रिवाज. तोही ह्याला नको. "फुकटचं आमी बघत न्हाई." अजून अँटेना लावून बातम्या बघतो. बघ म्हणावं!

९ ऑक्टोबर

रहिमतपुरात रेडिओ उघडून बसायचो तेव्हा कोणी म्हणालं असतं की तारेतून वीज नाही, उजेड जातो, तर त्याला हाकलला असता. आज मी दुकानात तारेच्या टोकाला बॅटरी धरली, आणि शालूबाई पलीकडं कॉलनीत दुसऱ्या टोकाशी. फोनवर ओरडली, "आवं, चांदणी दिसतीय!" लग्नात एवढी हसली नव्हती.

बेत साधा. इंटरनेटची लाइन माझ्या दुकानात. तिथून काचेच्या तारेनं सुभेदाराच्या गच्चीवरून कॉलनीत. पुढं घराघरात लाइन वाटायला बंद पडलेल्या कॉम्प्युटर क्लासची जुनी डबी आणि जुन्याच वायरी. नवीन फक्त तार. बाकी सगळं भंगारातलं, पण खणखणीत.

रविवारी, सतराला, कॉलनीची मीटिंग. सेक्रेटरी क्षमाताईंनी स्पष्ट सांगितलंय, "भाऊसो, जो चालवून दाखवेल त्याला कॉलनी." पुण्याची एक कंपनीही टपलीय. कॉलनी गेली तर उरलेल्या विश्रामबागेतली गिऱ्हाइकंही जातील. मग परत रेडिओ!

१२ ऑक्टोबर

मेलं. सकाळपासून डबीवरचा दिवा लागत नाही. डबी बदलली, वायरी बदलल्या. शेवटी बॅटरी धरली — पलीकडं अंधार.

क्षमाताई: "जुनं सामान आहे ना, भाऊसो..." मान हलवून. सामान जुनं म्हणून उजेड अडतो होय?

सुभेदाराच्या गच्चीवर जाऊन बघावं म्हटलं तर दाराला कुलूप. "उतरा खाली. इचारून आला न्हाई तर इचारूनबी चढायचं न्हाई."

१३ ऑक्टोबर

चहाच्या टपरीवर कंपनीचा पुष्कर — टाय, पॉलिश केलेले बूट, आवाज हळू. पण माझे कान! टीव्हीचा स्पीकर फाटलाय हे मी रस्त्यावरून ओळखतो. पुष्कर सोबतच्याला सांगत होता, "गच्चीवाल्या सुभेदारांना भेटून आलोय. ते आपल्याच बाजूचे."

असं आहे तर! फुकटचं बघत नाही म्हणे. माझी तार कापायला बरं चाललं फुकटचं!

१४ ऑक्टोबर

सुभेदार दुपारच्या गाडीनं गावी गेला, मेढ्याला. मी त्याच्या जिन्यात शिरलो. गच्चीला कुलूप होतंच. पण अँटेनाची वायर जिन्यातूनच खाली येते.

एक कच्.

घे! बघ आता बातम्या.

१५ ऑक्टोबर

माझी लाल पट्टीची पकड सापडत नाही. शालूबाईला विचारलं. "काल जिथं जिथं शिरलात तिथं बघा की," म्हणाली.

१६ ऑक्टोबर

सुभेदार आला. क्षमाताईंना साक्षीला घेऊन दारात गेलो. "कुलूप काढा. तार कुठं कापली ते कॉलनीला बघू दे."

"कापली?" त्यानं किल्ली काढली. जिन्याकडं वळला.

गच्चीवर तार कापलेली नव्हती. कठड्याला, टाकीला, खांबाला — तीन ठिकाणी करकचून गाठी! मधली तार सतारीसारखी ताणलेली.

"लोंबत हुती. वाऱ्यानं पत्र्यावर घासत हुती. चिरली असती." सुभेदार क्षमाताईंना सांगत होता, माझ्याकडं बघतसुद्धा नव्हता. "ह्यो मानूस आडमुठा, पर तारंचा काय गुन्हा? फौजेत टेलिफोनच्या तारा वढण्यातच जलम गेला आमचा. ढिली तार दिसली की हात थांबत न्हाईत."

काचेला गाठ मारली तर उजेड अडतो. त्याला कोण सांगणार होतं? मी तर काच आहे हेच लपवलेलं.

क्षमाताईंनी विचारलं, "कंपनीचे लोक आले होते ना तुमच्याकडे?"

"त्यो टायवाला? म्हनला, ही तार काढा, वरीसभर फुकट दाखवतो. जिन्यातनंच खाली लावला!"

गाठी मीच सोडल्या. सैल वळणं दिली. खाली दुकानात येऊन बॅटरी धरली, कॉलनीत फोन लावला. शालूबाई: "आली आली, चांदणी आली!"

सुभेदार आपल्या फाटकातनं म्हणाला, "टीवी बंद पडलाय माझा. बगतो कवातरी." मी बॅटरी विझवून आत ठेवली.

१७ ऑक्टोबर

चाललं! क्षमाताईंच्या भावाचं अमेरिकेतून आलेलं पत्र सगळ्यांसमोर पडद्यावर उघडलं. टाळ्या! पुष्कर मागच्या दारानं गेला. कॉलनी माझी.

समोर सात वाजले तरी बातम्यांचा आवाज नाही.

१८ ऑक्टोबर

खंडेनवमी. पाटावर हत्यारं मांडली — सोल्डर, मीटर, पाने, स्क्रूड्रायव्हर. शालूबाईनं हळदकुंकू वाहिलं. मधली पकडीची जागा रिकामी ठेवली तिनं. मुद्दाम!

आजही समोर सगळं गप्प. असं गप्प की कानात शिरतं.

१९ ऑक्टोबर

दसरा. दार वाजलं. इस्त्रीच्या कपड्यात सुभेदार. गेल्या पाच दसऱ्यांत उंबरा चढला नव्हता. "सोनं घ्या, भाऊसो." आपट्याची पानं हातावर ठेवली — पानांखाली काहीतरी जड. माझी पकड. लाल पट्टीची.

"जिन्यात माकड विसरून गेलं हुतं. कालच द्यायची हुती, तुमची पूजा हुती. पर म्हटलं, बगू तरी येतंय का आपल्या पायानं."