चंद्रपूरपर्यंत किती टक्के

...नाही मामा, फोन मी कापला नाही. तुम्ही विचारलं "मधातच बॅटरी संपली तं?" अन् नेमकी तेव्हाच माझ्या फोनची बॅटरी संपली. तुम्हाले वाटलं असेल, पोट्टं उत्तर द्यायले टाळून राहिलं. तसं काही नव्हतं. चार्जर लावून परत फोन केला तं मामी म्हणाली, तुम्ही दुकानात गेले, अन् निरोप ठेवून गेले की हर्षित फोनवर फार भराभरा बोलते, अर्धं समजत नाही, जे सांगायचं ते लिहून पाठव म्हणा. म्हणून लिहून राहिलो. तुमच्या दुकानातले नत्थूजी सोनिकाच्या लग्नाच्या पत्रिका न्यायले आले आहेत, चहा झाला की हिंगणघाटले निघतील, त्यांच्याच हाती हे देतो.

मम्मी मागून म्हणते, पत्र असं मधातून सुरू करत नसतात, आधी मोठ्यांच्या पाया पड. तं पडलो मामा, तुमच्या अन् मामीच्या दोघांच्याही. तुमचा गुडघा कसा आहे? मामीचं बीपी? आमच्याकडे सगळे बरे आहेत, फक्त मले जेवण जात नाही. मराठीत पत्र लिहायची ही माझी दुसरीच वेळ आहे (पहिली दहावीच्या पेपरात, पाण्याच्या टंचाईबद्दल नगरसेवकाले, त्यात मले ८ पैकी ३ भेटले होते), म्हणून चुका पोटात घाला. हिशोबाचे आकडे मी आकड्यातच लिहिणार आहे. एकोणसाठ अन् एकोणसत्तरमध्ये माझा अजूनही गोंधळ होते, अन् या पत्रात आकड्यांचा गोंधळ होऊन चालणार नाही.

तुम्ही सोनिकाच्या साक्षगंधाले होते, अंगठ्या घालताना समोरच बसले होते, म्हणजे काय झालं ते तुम्ही पाहिलंच आहे. पण मी असं काहून बोललो, ते तुम्हाले माहीत नाही. जावईबुवाचे काका माझ्या इलेक्ट्रिक गाडीभोवती दोन चकरा मारून आले अन् म्हणाले, "दिसाले छान आहे. आवाज नाही, धूर नाही. खेळण्यासारखी आहे." मामा, मी त्या गाडीसाठी दोन वर्षं बाबाच्या मागे लागलो होतो. मले एकदम लागलं. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की १८ मेले सोनिका याच गाडीत बसून चंद्रपूरले तुमच्या हॉलवर येईल, पेट्रोलचा एक थेंब लागणार नाही. काका म्हणाले, "पोहोचेल का पण?" अन् सोनिका, जी त्या दिवशी दिवसभर मान खाली घालून बसली होती, ती मान वर करून म्हणाली, "दादा म्हणते तं पोहोचेल." बस, तेव्हापासून माझं जेवण बंद आहे. मुहूर्त सकाळी ११:४० चा आहे. नवरीले बोहल्यावर आणायचं काम मामाचं, म्हणजे तुमचं, अन् तुम्ही असणार माझ्या गाडीत. गाडी थांबली तं नुसती गाडी नाही थांबत, मामासकट नवरी थांबते.

आता हिशोब सांगतो. कंपनी म्हणते ही गाडी एका चार्जिंगमध्ये ३०० किलोमीटर जाते. (कंपनी कुठे चालवून पाहते माहीत नाही, पण तिथे मे महिना नसतो.) आपल्या नागपूरच्या उन्हात, एसी लावून, चार माणसं बसवून ती १७० जाते. चंद्रपूर १५०. म्हणजे १२ टक्के उरतात. मी घरी हे मोठ्या खुशीनं सांगितलं तं मम्मी म्हणाली, १२ टक्के पडले तं पोट्टं नापास होते. मी समजावलं की अर्ध्या रस्त्यात, जामच्या चौकाजवळ, एका ढाब्याच्या मागे चार्जिंगचं मशीन आहे, तिथे पाऊण तास थांबलं की झालं. बाबा म्हणाले, "नवरीले ढाब्यावर बसवून ठेवतं का गा?" मी म्हटलं, बाबा, येत्या दहा वर्षांत पेट्रोल पंप एसटीडी बूथसारखे गायब होतील, सगळे असेच थांबतील, ढाब्यावर वेटिंग रूम असतील. बाबा म्हणाले, "मग दहा वर्षांनी ठेवायचं होतं लग्न."

म्हणून मी ठरवलं की आधी एक ट्रायल मारायची, लग्नाच्या दिवशी जेवढं वजन असेल तेवढंच घेऊन. मागच्या रविवारी निघालो. समोर बाबा. मागे मम्मी, सोनिकाच्या जागी. (सोनिका पार्लरवालीकडे गेली होती, तिचीही ट्रायल होती.) अन् तुमच्या जागी तांदळाचे दोन कट्टे ठेवले. मम्मी म्हणाली, रामाजी दादाचं एवढं वजन नाही. बाबा म्हणाले, राहू दे, जेवण झाल्यावर होते. कट्ट्यांना सीट बेल्ट लावला, नाही तं गाडी सारखी टूं टूं करते.

निघायच्या आधी मम्मीनं पूजेचं ताट आणलं. गाडी घेतली तेव्हा पूजा झाली होती, पण मम्मी म्हणाली ती गाडीची झाली, ही नवरीच्या गाडीची. बोनेटवर स्वस्तिक काढलं, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवले, इथपर्यंत ठीक होतं. मग तिनं विचारलं, "हे खाते कुठून?" अन् मामा, इथे माझी चूक आहे, मी मान्य करतो. कोणी गाडीबद्दल विचारलं की माझ्यानं राहवत नाही. मी चार्जिंगचं झाकण उघडलं, रबरी टोपणही काढलं, अन् मोठ्या उत्साहानं सांगत बसलो की हे भोक याचं, ते भोक त्याचं. मम्मी मान डोलवत होती. मले वाटलं समजून घेऊन राहिली. ती मोजून राहिली होती. म्हणाली, "नऊ आहेत. नवग्रह." अन् मी काही बोलायच्या आत तिनं ओलं कुंकू अन् अक्षता नऊच्या नऊ ठिकाणी लावल्या, बोटानं चांगल्या आत दाबून. मी झाकण धरून उभा होतो. गाडी तेव्हा १०० टक्के भरलेली होती, म्हणून मले काही वाटलंही नाही. उलट फोटो काढला.

रस्त्याचं जास्त सांगत नाही. एसी मी २७ वर ठेवला होता. बाबांनी डोक्याले दुपट्टा बांधला, पुढ्यातल्या जाळीले हात लावून पाहिला अन् म्हणाले, आपल्या घरच्या कूलरची याद येऊन राहिली. मी ६० च्या वर जात नव्हतो, कारण जोरात गेलं की बॅटरी जास्त खाते. एक ट्रॅक्टर आमच्या पुढे निघून गेला, त्याच्यावरच्या बायकांनी आमच्याकडे वळून पाहिलं, कोणाची तरी तब्येत खराब असेल अशा नजरेनं. अन् मम्मीले मी सांगायले नको होतं की टक्के कुठे दिसतात. ती दोन सीटच्या मधून वाकून पाहत बसली, अन् एक टक्का कमी झाला की म्हणे, "गेला." बुटीबोरीपर्यंत असे १८ गेले. बाबा म्हणाले, "पुष्पलता, तू गप बस, मले हॉस्पिटलच्या बाहेर बसल्यासारखं वाटून राहिलं." मग ती मनात म्हणायले लागली, पण ओठ हलत होते. माझा घामानं शर्ट भिजला होता, अन् तो काही एसीमुळे नाही.

जामले पोहोचलो तं ५६ टक्के. माझ्या हिशोबात तंतोतंत. मी खुशीत खाली उतरलो, झाकण उघडलं, मशीनची नळी लावली. बसेना. जोर लावला, तं अर्धी बसली अन् मशीनवर लाल दिवा. उन्हानं कुंकू वाळून विटेसारखं झालं होतं, मधात अक्षता. मशीन सांभाळणारे देवाजी आले, चष्मा वर करून आत पाहिलं अन् म्हणाले, "भाऊ, हे चार्जिंग आहे का देव्हारा?" मग म्हणाले, काही नाही होत, सुक्या ब्रशनं पुसून काढू, दोन मिनिटांचं काम.

तं मम्मी गाडीसमोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "हात नाही लावायचा. पोरीचं लग्न तोंडावर आहे अन् तिच्या गाडीचं कुंकू पुसतं का रे तू?"

मामा, मी इंजिनिअर आहे, पण यावर आमच्या कॉलेजात काही शिकवलं नाही. मी म्हटलं, मम्मी, ते कुंकू नाही, ते आता कचरा आहे. हे फारच चुकीचं बोललो. मम्मीचे डोळे भरून आले अन् ती तांदळाच्या कट्ट्यांजवळ जाऊन बसली. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, पण मले रागावले नाही, अन् त्याचंच मले जास्त भेव वाटलं. फक्त म्हणाले, "सोनिका बसणार आहे गा याच्यात. हे ध्यानात ठेव." पावणेदोन तास आम्ही तिथे होतो. उसाचा रस तीनदा झाला. मी मनातल्या मनात १८ तारखेचे ११:४० पाहत होतो. हॉलच्या दारात जावईबुवाचे काका घड्याळ पाहून राहिले आहेत, अन् तुम्ही शालू नेसलेल्या सोनिकाले घेऊन जामच्या चौकात ट्रकले हात दाखवून राहिले आहेत.

रस्ता काढला तो देवाजींनी. ते मम्मीजवळ जाऊन म्हणाले, "ताई, पुसायचं नसेल तं नका पुसू. लावायले तं हरकत नाही ना?" अन् त्यांनी स्वतःचं कपाळ पुढे केलं. तशी मम्मी उठली. मग काय झालं ते तुम्ही पाहायले पाहिजे होतं. मी उदबत्तीच्या काडीनं (लोखंड तिथे घालायचं नसते, हे मी ओरडून ओरडून सांगितलं) एकेका भोकातून कुंकू हळूहळू खरडून कागदावर घ्यायचं, वरून देवाजींचा सुका ब्रश फिरवायचा, अन् मम्मीनं ते थोडं पाणी लावून कोणाच्या तरी कपाळाले लावायचं. देवाजी झाले, बाबा झाले, रसवाला झाला, ढाब्यावर जेवत बसलेले ट्रकवाले एकेक करून हात धुऊन आले. एक म्हणाला, "कौनसा त्योहार है भैया?" मी म्हटलं, नवग्रह. १६ लोकांना लागलं तेव्हा कुठे नऊ भोकं मोकळी झाली. अक्षता मम्मीनं पदराले बांधल्या. नळी लावली अन् हिरवा दिवा लागला. मशीनचा हिरवा दिवा पाहून माझ्या डोळ्यात पाणी आलं असं कॉलेजात कोणाले सांगितलं तं हसतील, पण आलं.

मग बाबा म्हणाले, आता चंद्रपूर राहू दे, उशीर झाला, परत चल. म्हणजे ट्रायल अर्धीच झाली. मी सगळ्यांना सांगतो की सक्सेसफुल झाली, कारण जामपर्यंतचा आकडा बरोबर आला अन् पुढचा तसाच येईल. वरोऱ्याच्या पुढचा रस्ता कसा आहे, त्या दिवशी मशीनवर आधीच कोणी गाडी लावून जेवायले बसलं तं काय, लाइट गेली तं काय, हे मी कोणाले बोलून दाखवत नाही. पण तुम्ही फोनवर विचारलं होतं ना, मधातच संपली तं? तं उत्तर हे आहे, मामा, की नाही संपणार. भविष्य याच गाड्यांचं आहे, अन् तुम्ही निश्चिंत मनानं यायचं. मामीले नमस्कार, अन् गुडघ्याले तेल लावत जा.

तुमचा भाचा,
हर्षित

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. मामा, तुमची ती जुनी जीप आहे ना, तिची टाकी फुल करून नत्थूजींना १८ तारखेले आमच्या मागे एखाद्या किलोमीटरवर ठेवता का? एकदम मागे नको, काकांना दिसेल. कोणी विचारलं तं आहेराची भांडी आहेत म्हणायचं. अन् हे बाबांना, मम्मीले, अन् सोनिकाले तं बिलकूलच कळू द्यायचं नाही. ती माझ्या भरवशावर बोलली आहे.

ता. क. २. पाकीट बंद करणारच होतो, तेवढ्यात नत्थूजी म्हणाले, "जीपचंच लिहिलं असेल. मले माहीत आहे." मी विचारलं, कसं काय? तं म्हणाले, बाबांनी त्यांना आल्या आल्या बाजूले घेऊन सांगितलं, मम्मीनं चहा देताना सांगितलं, अन् सोनिकानं तं साक्षगंधाच्याच संध्याकाळी तुम्हाले फोन करून जीप मागितली होती. मामा, तुम्ही मले एका शब्दानंही बोलले नाही.

मी तसाच सोनिकाजवळ गेलो. ती पत्रिकांवर नावं लिहीत होती. मी म्हटलं, तू तं म्हणाली होती पोहोचेल. ती म्हणाली, "पोहोचेलच न दादा, मले माहीत आहे. पण तू चंद्रपूरपर्यंत टक्के पाहत बसशील अन् माझ्याशी एक शब्द बोलणार नाही. मी काय रोज रोज जाऊन राहिली का या घरातून? मागे जीप असली तं तू बोलशील." असं म्हणून ती परत नावं लिहायले लागली. मी तिच्या पत्रिकांना हळद-कुंकवाच्या टिकल्या लावत बसलो.

तेव्हापासून एकच विचार करून राहिलो. आजपर्यंत या गाडीचं स्टेअरिंग मी बाबांनासुद्धा दिलं नाही, अन् चालवता चालवता मले काही बोलता येत नाही, हे तिलेही माहीत आहे. तुम्ही समोर बसले, बाबांनी गाडी चालवली अन् मी मागे तिच्याजवळ बसलो तं कसं होईल? का मीच चालवू? तुम्हाले काय वाटते, मामा?