दोघांच्या नावाचा करार

१ सप्टेंबर २०२५

घर मिळालं! बुकित पंजांग, आठवा मजला, खिडकीखालून एलआरटीची छोटी ट्रेन जाते. स्वयंपाकघर एवढं, की एकाने वळायचं तर दुसऱ्याने बाहेर जायचं. सारंग तिकडे आईच्या हातचं खाऊन आडवा वाढलाय. बघू कसा मावतो ते.

एचआरला त्याच्या इथे राहण्याच्या पाससाठी दोघांच्या नावाचा भाडेकरार हवाय, महिनाअखेरपर्यंत. नाहीतर यंदाची दिवाळीही तो पुण्यात आणि मी इथे परदेशात, भाड्याच्या एका खोलीत, कपातले नूडल्स खात. दोन वर्षं झाली लग्नाला. पुरे आता.

३ सप्टेंबर

मालकीणबाई मिसेस टे. सत्तरीच्या, केस लालसर रंगवलेले. मी त्यांना आंटी म्हणते, त्या मला 'गर्ल'. करार पुढे केला तर पेनच हातात घेईनात. म्हणे चिनी पंचांगाचा सातवा महिना चालू आहे, भुतं मोकळी सुटलीत, अशात नव्या घराची सही करत नाहीत. "ट्वेंटी-सेकंडला ये लाह."

खाली लोक पत्र्याच्या पिंपात कागद जाळत होते. मी आपली रोज नाकाला रुमाल लावून जात होते, त्यामागे हे प्रकरण असेल असं वाटलं नव्हतं.

बड्या बड्या कंपन्यांचं ऑडिट करणारी बाई मी. भुतांनी अडवलं.

४ सप्टेंबर

सारंगला तावातावाने सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तर म्हणतो, "बरोबर आहे त्यांचं. नाहीतरी सोमवारपासून पितृपक्ष. त्यात सही नकोच."

एकादशीला आम्लेट खाणारा माणूस हा!

७ सप्टेंबर

कॅलेंडर काढून बसले. आंटींची भुतं आणि आमचे पितर एकाच दिवशी परत जातात — एकवीसला. चांगी विमानतळावर काय गर्दी होईल त्या दिवशी.

आंटींना सांगितलं तर केवढ्या खूश! "यू ऑल्सो गॉट?" मग काय वाढता, कोण येऊन खातं, सगळी चौकशी. कावळा म्हटल्यावर म्हणाल्या, "क्रो? नॉट युवर ग्रँडफादर?" म्हटलं, तेच ते.

११ सप्टेंबर

सारंगचं काहीतरी बिनसलंय. सूटकेस काढलीस का? नाही. राजीनामा? "देतो गं." आणि मग एकदम विचारतो, "तिकडे कावळे आहेत का?"

मी म्हटलं, आहेत ना, पण त्यांनाही पास लागतो. हसला नाही. माझ्या विनोदावर सारंग हसला नाही असं कधी होत नाही.

त्याला यायचंच नाहीये. लिहून टाकलं एकदाचं. बायकोच्या पासवर राहायचं जड जात असेल तर तसं तोंडाने सांगावं. पितरांच्या मागे काय लपायचं?

१२ सप्टेंबर

फोन केला नाही. त्यानेही नाही.

१६ सप्टेंबर

सासूबाईंचा फोन. आज बाबांची तिथी होती. सासरे गेल्या वर्षी गेले, हा त्यांचा पहिलाच पक्ष. माझ्या लक्षातच नव्हतं.

"सारंगनं सगळं स्वतः केलं गं. मला हात लावू दिला नाही. मग पान घेऊन गच्चीवर उभा राहिला, कावळा काही फिरकेना. मी म्हटलं, ठेव आणि ये खाली. तर ऐकेना. शेवटी मोठ्यानं म्हणाला, 'बाबा, सुलेखाकडे जातोय. पुढच्या वर्षी तिकडे वाढीन, तिकडे या.' तेव्हा कुठे आला बघ."

मग म्हणाल्या, "मला म्हणाला होता, बाबांना सांगितल्याशिवाय दुसऱ्या घरावर नाव कसं लावू देऊ?"

हे मला सांगायला काय झालं होतं, गाढवा? खूप रडले. मग कपातले नूडल्स खाल्ले, ते खारटच लागले.

२२ सप्टेंबर

आंटी दोन संत्री घेऊन आल्या. सही झाली, दोघांच्या नावाच्या करारावर. किल्ली मिळाल्यावर आधी स्वयंपाकघराची खिडकी उघडली. समोरच्या ब्लॉकच्या कठड्यावर कावळा बसलेला.

एचआरला करार पाठवला. सारंगला कावळ्याचा फोटो.

त्याचं उत्तर आलं — "सूटकेस काढली."